आठवा महिना चुकवायचं औषध

माझ्या हातून भांडुपमध्ये किती पोरं जन्माला आली, हे लोक कौतुकाने सांगतात. अर्धं भांडुप माझ्या हातून बाहेर आलं आणि उरलेलं अर्धं नेमकं तेव्हा बाळंतपणाला गावी गेलं होतं, असं मी स्वतःच सांगत असते. त्यात फार तर दोन-चार चाळींचा फरक असेल. पण मी किती पोरं आतल्या आत थांबवून धरली, याबद्दल मला आजवर कोणी साधा नारळ दिला नाही. बाहेर आलेल्या पोराचे पेढे वाटतात. आत राहिलेल्याचे कोण वाटणार? खरं सांगते, पोर बाहेर काढणं ही आमच्या धंद्यातली हमाली. वेळेआधी सामान घेऊन निघालेल्याला दाराशी गाठून, "अरे बाबा, तुझी खोली अजून तयार नाही, जरा आत बस," असं पटवणं ही खरी कला. माझं म्हणणं मान्य नसेल तर तुम्ही एकदा पटवून बघा.

ज्यांचा या खात्याशी संबंध आलेला नाही (म्हणजे मुख्यतः नवरे) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गर्भाशय म्हणजे स्नायूची पिशवी. नऊ महिने ती गुमान बसते आणि मग आवळायला लागते; त्याला आपण कळा म्हणतो. काही बायकांची पिशवी मात्र सातव्यातच आवळायला लागते. आत पोर असतं मुठीएवढं, फुप्फुसं ओल्या कागदासारखी चिकटलेली. ते तेव्हा बाहेर आलं तर रडायलासुद्धा त्याच्याकडे हवा नसते. आणि तेव्हा आमच्या उपनगरात अशा पोरासाठी काय होतं? कापूस, साठचा बल्ब आणि डॉक्टरीणबाईंचा, म्हणजे माझा, आवाज. उबेची काचेची पेटी गाठायची तर टॅक्सीने थेट शहरात, आणि तिथे पोचेपर्यंत पोर बहुतेक वेळा हातातून गेलेलं असायचं. म्हणून कळा थांबवायच्या.

कशाने थांबवायच्या, हाच तर सगळा घोळ.

मी शिकत होते तेव्हा, म्हणजे ऐंशी सालच्या आगेमागे, आमचे सर यावर एक जालीम औषध देत असत. दारू. हसू नका, रीतसर शिरेतून. कळा आणणारा एक रस मेंदूच्या तळातून सुटतो. दारूने मेंदू सुस्तावला की तो रस सोडायचं विसरतो, असा हिशोब. त्यामुळे आमचा वॉर्ड दुपारी तीन वाजता साकीनाक्याच्या गुत्त्यासारखा दरवळायचा. एकदा घाटकोपरच्या शाळेतल्या एक जोशीबाई आल्या. सोवळ्यातल्या, चहासुद्धा घेत नसत. अर्धी बाटली गेली आणि बाईंनी शेजारच्या खाटेला पाढे म्हणायला लावले. पाऊण बाटली गेली तेव्हा नेमक्या त्यांच्या मुख्याध्यापिका मोसंबी घेऊन भेटायला आल्या. जोशीबाईंनी त्यांना अंगठे धरून उभं राहायला सांगितलं. आणि सांगण्याची पद्धत अशी, की त्या राहिल्या! जोशीबाईंचे यजमान माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "डॉक्टर, उरलेली बाटली फुकट जात असेल तर..."

गंमत वाटते, पण त्या औषधाची मला भीतीच वाटायची. बाई ओकायची, ओकारी श्वासात जायची, आणि पोर आलंच तर तेही झिंगलेलं. पोटातल्या पोराला दारू पाजून थांबवणं म्हणजे पाहुण्याला जायला निघता येऊ नये म्हणून त्याचे पाय बांधण्यासारखं. थांबतो, पण त्याला पाहुणचार म्हणत नाहीत.

मग नवं औषध आलं. नाव जीभ अडकेल असं, ते सोडून देते. मुळात ते पायांच्या आकसलेल्या रक्तवाहिन्यांसाठी होतं. कोणाच्या तरी लक्षात आलं की पिशवीचा स्नायूही त्याने सैलावतो. ग्लुकोजच्या बाटलीत मिसळायचं आणि थेंब थेंब सोडायचं. खोट एवढीच, की पिशवीला झोप आणताना ते काळजाला मात्र पळायला लावतं. एकाच वायरवर दोन दिवे असावेत, एक मालवायला जावं आणि दुसरा भगभगावा, तसं. नाडी पळते, रक्तदाब उतरतो, हात थरथरतात. आणि बाटली जास्त जोरात सोडली तर फुप्फुसांत पाणी साचायला लागतं. म्हणून माझा नियम होता: नाडी एकशेवीसच्या वर गेली की बाटली बंद, मग समोर साक्षात यमदूत कळा मोजत बसलेला असला तरी. आणि या औषधाने महिने मिळत नाहीत, फार तर दोन दिवस मिळतात. त्या दोन दिवसांत पोराची फुप्फुसं पिकवणारं इंजेक्शन आईला द्यायचं, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप. हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगायची. प्रत्येक नातेवाईक मान डोलवायचा आणि विचारायचा, "मग नऊ महिने पुरे होतील ना?"

माझं सूतिकागृह भांडुपला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. अर्थात हाक माझी. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. गिरणी सुरू झाली की खाटा थोड्या थोड्या सरकायच्या. सकाळी खिडकीशी ठेवलेली बाई संध्याकाळी दाराशी सापडायची. आठ खाटा, एक ऑक्सिजनचं नळकांडं, आणि सिस्टर मेरीकुट्टी. मेरीकुट्टी केरळातून आलेली, मला "मॅडम" म्हणायची आणि माझ्यावर हुकूम चालवायची.

पंच्याऐंशी सालच्या आषाढात तिथे संध्या राणे आली. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला, पोटात कळा. बरोबर नवरा विलास, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा, दरवाजातून वाकून आत यावं लागेल असा उंच. आणि सासू. राणेकाकू माझ्या खांद्यापर्यंत येत नव्हत्या, पण त्या आत आल्या आणि खालची गिरणी बंद पडली असं मला वाटलं. इतका त्यांचा आवाज. मालवणकडच्या. भांडुपात पंचवीस वर्षं काढूनही त्यांनी आपली बोली एका अक्षराने सुटू दिली नव्हती.

मी संध्याला तपासलं. कळा खऱ्या, पण पिशवीचं दार अजून जेमतेम किलकिलं. मेरीकुट्टीने खाटेच्या पायाखाली विटा लावल्या. तेव्हा ती पद्धत होती, पायथा वर आणि डोकं खाली, म्हणजे पोर दारावर भार देत नाही. फुप्फुसाचं इंजेक्शन टोचलं, बाटली टांगली, नळीवरचं चाक फिरवून थेंब लावले.

"बाये, ह्या काय लावलंस?" राणेकाकूंनी विचारलं.

"कळा थांबवायचं औषध, काकू. पोर अजून फार लहान आहे."

"थांबवूचा कित्याक?" राणेकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "सातव्यातला पोर जगता. आठव्यातला जगणा नाय. परवा तेका आठवो लागता. आज येता हा तर येऊ दी! तू बाटली लावून तेका आठव्यात ढकलतंस?"

ही समजूत मला नवी नव्हती. अर्ध्या महाराष्ट्रात ती आहे. मी काकूंना समजावलं, की जितके दिवस जास्त तितकं पोर धट्टंकट्टं. आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा बरंच. मी चित्र काढून दाखवलं. मी दोन पपया मागवून, एक कच्ची आणि एक निमपिकी, शेजारी शेजारी ठेवल्या. काकूंनी पपया बघितल्या आणि आपल्या मुलाकडे बोट दाखवलं.

"ह्यो माजो झील. सातव्यातलो! बघ, कसो रेडो झालो तो."

विलास लाजला. या पुराव्यापुढे माझ्या पपया काय टिकणार? आता हे छापायला हरकत नसावी, की सातव्यात जन्मलेली सव्वातीन किलोची पोरं मी माझ्या उमेदीत पुष्कळ पाहिली आहेत आणि ती बहुधा लग्नानंतर सातव्यात असतात. पण राणेकाकूंच्या लग्नाची तिथी विचारण्याचा मोह मी आवरला. मलाही जीव प्यारा होता.

"बाटलीला कोणी हात लावायचा नाही," एवढं बजावून मी ओपीडीत गेले.

दुपारपर्यंत मेरीकुट्टी तीनदा ओपीडीत येऊन गेली. "मॅडम, ये बॉटल में कुछ भूत है. मैं बीस थेंब रखती, वापस आती तो बंद. फिर रखती, फिर बंद."

मी चाक बदलायला सांगितलं. नळी बदलायला सांगितली. गिरणीच्या धक्क्याने चाक फिरत असेल म्हणून गिरणीवाल्या शेठला अर्धा तास दळण थांबवायला लावलं. खाली पिठाच्या डब्यांची रांग माझ्या नावाने बोटं मोडत उभी राहिली. भूत काही जाईना.

भूत खाटेशेजारी स्टुलावर बसून जपमाळ ओढत होतं. मेरीकुट्टीची पाठ वळली की राणेकाकू उठायच्या, देवाचं नाव घेत चाक आवळायच्या, आणि पुन्हा बसून माळ ओढायच्या. नातू आठव्यात जाता कामा नये, बस्स.

एवढंच असतं तर निभावलं असतं. कळा चालू राहिल्या असत्या, मी कपाळाला हात लावला असता. पण चारच्या सुमाराला, सकाळी उशिरा कामावर गेलेला विलास परत आला. त्याला आईला चहा पाजून आणायला सांगून मी मोकळी झाले. त्याने आईला पाठवलं आणि स्वतः बायकोपाशी बसला. त्याने वर बघितलं. सकाळी लावलेली बाटली जवळपास भरलेली! विलास वर्कशॉपचा माणूस. तिथे पाळी संपताना जॉब उरला तर मशीनचा स्पीड वाढवतात आणि काम भरून काढतात. त्याला वाटलं, बाटली मागे पडली आहे, डॉक्टरीणबाई राउंडला येतील तेव्हा सिस्टर बिचारी बोलणी खाईल. म्हणून त्या भल्या माणसाने सगळ्यांच्या भल्यासाठी चाक पूर्ण उघडलं. आणि काम भराभर होताना बघून समाधानाने पंख्याखाली डुलक्या घेऊ लागला.

मी राउंडला आले तेव्हा संध्या दोन्ही हातांनी खाटेची कड धरून होती. ओठ काळसर. "बाई... छातीत कोंबड्या पळतायत," ती म्हणाली, आणि पुढच्या शब्दाला तिला दम पुरेना. "मला... पाण्यात ठेवलंय का?"

नाडी मोजायला गेले तर मोजता येईना. बोटाखाली नुसती थरथर. पाठीला कानाची नळी लावली. फुप्फुसाच्या तळाशी तापल्या तव्यावर मीठ टाकावं तसा तडतड आवाज. बाटली तळाला गेलेली. पोरगी माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्याच छातीत बुडत होती, आणि वर आम्ही तिचं डोकं खाली करून ठेवलेलं!

"मेरीकुट्टी, बाटली बंद! सुई राहू दे! ऑक्सिजन! विटा काढ!"

विटा काढ म्हणणं सोपं. खाटेवर बाई, खाट लोखंडी. पण विलास राणेने, झोपेतून उठलेल्या त्या लेथवाल्याने, बायकोसकट खाटेचा पायथा एकट्याने उचलून धरला. मेरीकुट्टीने विटा ओढल्या. मी ओरडले, "आता डोक्याखाली लाव!" विलासने दुसऱ्या बाजूला जाऊन डोक्याची बाजू उचलली, ती इतकी की संध्या खाटेवरून घसरून थेट पायथ्याला उभीच राहिली. "अरे, बसव तिला! झेंडावंदन नाही करायचं!" नळकांड्याची चावी जागेवर नव्हती. शेजारच्या खाटेवरची नुकती बाळंत झालेली बाई मुलाला पाजता पाजता म्हणाली, "ती तुमच्याच गळ्यात आहे, डॉक्टर." होती. ऑक्सिजन सुरू केला, संध्याला उशांना टेकवून ताठ बसवलं, पाय खाली सोडले, आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढणारं इंजेक्शन दिलं.

मग वाट बघायची. हे वाट बघणं कुठलंही पुस्तक शिकवत नाही. राणेकाकू चहा पिऊन परत आल्या त्या दारातच थिजल्या. त्या बाईचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदा ऐकला. त्या पुढे आल्या आणि सुनेच्या पाठीशी बसल्या. संध्याने आपलं सगळं वजन त्यांच्यावर टाकलं. बऱ्याच वेळाने, म्हणजे घड्याळात फार नसेल, पण माझे चार केस त्या दुपारी पांढरे झाले ते अजून दाखवते, लघवी झाली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कशाचंही स्वागत केलेलं नाही. तडतड कमी झाली. ओठ पुन्हा गुलाबी दिसायला लागले.

संध्याचं पहिलं वाक्य, "विलास, तू घोरत होतास."

नंतर चौकशी बसली. बाटली कोणी बंद केली? राणेकाकू छताकडे बघू लागल्या. बाटली कोणी उघडली? विलास जमिनीकडे.

"मी कित्याक हात लावतलंय?" काकू म्हणाल्या.

मेरीकुट्टी पुढे आली. तिने नळीवरचं चाक काकूंच्या नाकापुढे धरलं. त्यावर कुंकवाचा अंगठा स्पष्ट उमटला होता. काकूंनी चाकाचीसुद्धा पूजा करून घेतली होती.

मी दोघांनाही बोलले. खूप बोलले. गिरणीतली रांग ऐकायला वर आली इतकं. पण रात्री घरी जाऊन विचार केला तेव्हा मला दोघांचाही फार राग येईना. आई बंद करत होती पोरासाठी, मुलगा उघडत होता बायकोसाठी, आणि मधे टांगलेलं औषध असं की त्याला प्रेमाने हात लावलेलाही सोसत नाही. विष परवडलं. त्याला निदान कोणी आपुलकीने हात लावायला जात नाही.

ती बाटली पुन्हा लावायची नाही, हे नक्की होतं. आणि गंमत ऐका: बाटली नसताना संध्याच्या कळा आपोआप थांबल्या. आमच्या धंद्यातली ही आतली गोष्ट आहे. कितीतरी बायकांच्या कळा नुसतं पडून राहिल्यानेही थांबतात. श्रेय मात्र बाटलीला जातं. आणि ज्यांच्या थांबायच्याच नसतात त्यांच्या कळा बाटलीलाही भीक घालत नाहीत. अशाही बायका माझ्या खाटांवर होऊन गेल्या, त्यांची मुठीएवढी पोरंही. बल्बखाली कापसात गुंडाळून मी त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलत बसायची, त्यांना जाग यावी म्हणून. ते असो.

प्रश्न पुढचा होता. संध्याला घरी जाऊन महिनाभर सक्त आराम हवा होता, आणि घरी राज्य राणेकाकूंचं. तिसऱ्या दिवशी मेरीकुट्टीने बातमी आणली: काकूंनी एरंडेलाची बाटली आणून ठेवली आहे. "घरी न्हेतंय, एरंडेल दितंय आणि मोकळी करतंय," असं त्या खालच्या गिरणीत सांगत होत्या. आठवा अगदी दाराशी येऊन ठेपला होता, आणि त्यांना नातू सातव्यातच हवा होता. एरंडेलाने पोटात मुरडा, मुरड्याने कळा, आणि मग कापूस आणि बल्ब.

पपयांनी काम होणार नव्हतं. मी राणेकाकूंना केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर होतं. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, परवा तुम्ही मला काय म्हणालात? आठवा लागतो?"

"लागता तर!"

"काकू, धोंड्याचा महिना लागलाय. यंदा अधिक श्रावण. विसरलात?"

राणेकाकूंनी बोटांवर महिने मोजून बघितले.

"अधिक महिन्यात लग्न करता? मुंज? वास्तुशांत?"

"छा!"

"का नाही करत?"

"तो मयनो हिशोबात नाय म्हणान."

"मग जो महिना देवाच्या हिशोबात नाही, तो पोटातल्या पोराने हिशोबात धरायचा? अधिक महिन्यात आठवा लागेलच कसा?"

काकूंनी कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कॅलेंडरकडे. त्यांच्या डोक्यात चक्रं फिरताना मला दिसत होती.

"मगे... अजून सातवोच?"

"अख्खा धोंडा संपेपर्यंत सातवाच. महिनाभर पोर सातव्यातच वाढणार. असा सातवा नशिबाने मिळतो. पण या महिन्यात तिने वजन उचलायचं नाही, पाणी भरायचं नाही, एरंडेल तर नावालाही नाही. नाहीतर पुण्य फुकट."

काकू उठल्या आणि त्यांनी मला नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला! वयाने माझ्या आईएवढ्या बाईला. खोटेपणाची एक वेगळीच झिंग असते, जोशीबाईंच्या बाटलीपेक्षा जास्त.

त्या महिन्यात संध्या राणेसारखं सुख भांडुपात कोणी भोगलं नसेल. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे देतात. राणेकाकूंनी ते सुनेला घातले. विलास नळावरून हंडे आणायचा, वर्कशॉपमधले लोक बघायला यायचे. आणि माझी कीर्ती पसरली. मुलुंडहून एक बाई आली, तिचे दिवस उलटून गेले होते, म्हणाली, "माझापण अधिक वजा करून द्या, म्हणजे सासरचे घाई करणार नाहीत." एक गृहस्थ आले, त्यांना लग्न आणि पोर यांच्यामध्ये दोन महिने कमी पडत होते; एक धोंड्यात बसवून द्या, दुसऱ्याचं मी बघतो, म्हणाले. शेवटी एक गुरुजीच चौकशीला आले. "बाई, याला आधार कुठल्या शास्त्राचा?" मी म्हटलं, "प्रसूतिशास्त्राचा." गुरुजी विचारात पडून परत गेले.

धोंडा संपला. निज श्रावण लागला, आणि पहिल्याच सोमवारी, भर सकाळी, राणे कुटुंब माझ्या जिन्यात. संध्या पोट धरून, विलास तिला धरून, आणि मागून राणेकाकू. त्यांच्या दोन्ही हातांत विटा होत्या. घरून आणलेल्या.

"बाये, घात झालो! काल परवा आठवो लागलो आणि आज कळा इल्यो! लाव बाटली! तीच लाव, पयली लावलंस ती! मी आता हात लावचंय नाय. देवाची आण, स्टूलार बसचंय पण नाय!"

मी संध्याला तपासलं. माझ्या खऱ्या हिशोबाने पस्तिसावा आठवडा लागत आला होता. पोर चांगलं दोन किलोचं लागत होतं, ठोके घोड्यासारखे. दार उघडत चाललेलं. मला मनातून फुगडी घालावीशी वाटली. पण माझ्यासमोर बाई रडत होती. जी बाई महिन्यापूर्वी आठव्यात ढकलू नको म्हणून भांडली, तिलाच मी माझ्या हुशारीने बरोबर आठव्यात आणून उभी केली होती. आणि तिच्या लेखी आतलं पोर आज मरणार होतं.

"काकू, बाटली नाही लावायची."

"कित्याक? तेवा लावलंस, आता कित्याक नाय?"

"काकू, तो अधिक महिना... मी गमतीने म्हटलं होतं. पोर मोठं झालंय. तुमच्या मूळ हिशोबाने बघा, नववा लागलाय."

त्यांनी ऐकलंच नाही. गुरुजींनी विचारलेलं शास्त्र आता त्यांच्या डोक्यात माझ्यापेक्षा पक्कं बसलं होतं. "नाय, नाय. आठवो. तू बाटली लाव."

सगळ्या वॉर्डाचे डोळे माझ्यावर. खरं सांगते, लावायचं नाटक करणं सोपं होतं. साधं ग्लुकोज टांगलं असतं तर काकू शांत झाल्या असत्या. पण एक थाप फेडताना दुसरी मारायला त्या दिवशी माझी जीभ वळेना. मी त्यांच्या एका हातातली वीट खाली ठेवली आणि तो हात धरून त्यांना संध्यापाशी नेलं.

"काकू, हिची मागची दुपार आठवते? ओठ आठवतात? पोर लहान होतं म्हणून तेवढा धोका घेतला. आता पोराला त्या औषधाचा काडीचा उपयोग नाही, आणि हिला मात्र धोका तोच. अजून म्हणत असाल लावा, तर काय कशासाठी पणाला लावताय ते बघून सांगा."

राणेकाकू सुनेकडे बघत राहिल्या. संध्याला कळ आली, तिने सासूचा हात पकडला. कळ गेली तरी सोडला नाही.

"पोरां आणखी होतीत," राणेकाकू म्हणाल्या. आवाज इतका हळू, की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. "ह्या चेडू माका परत खयसून गावतला? नको बाटली." चेडू म्हणजे मुलगी; त्या सून म्हणाल्या नाहीत. आणि दुसऱ्या हातातली वीट त्यांनी खिडकीबाहेर टाकली. ती गिरणीवाल्या शेठच्या सायकलवर पडली, तो भाग वेगळा.

त्या बाळंतपणभर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी नातवंडावर पाणी सोडलं होतं. आणि अकराच्या सुमाराला मुलगी झाली. दोन किलोला जरा कमी, माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत, पण तोंड उघडलं आणि अशी किंचाळली, की मेरीकुट्टी म्हणाली, "मॅडम, ये तो पूरा सासू है."

भिंतीकडचं तोंड वळलं. राणेकाकूंनी पोरीकडे बघितलं. लाल, ओली, संतापलेली. त्यांनी तिचे हात मोजले, पाय मोजले, नाकाखाली बोट धरून श्वास बघितला. ती रडायची थांबेना तेव्हा त्यांना खात्री पटायला लागली. मग त्या माझ्याकडे बघू लागल्या. बघता बघता त्यांच्या कपाळावर आठ्या जमल्या, आणि त्यांचा हरवलेला आवाज पूर्ण ताकदीने परत आला.

"ह्या आठव्यातला नाय!" त्यांनी अख्ख्या वॉर्डाला जाहीर केलं. "आठव्यातला असा रडता? डाक्टरणीक मयने मोजूक येणत नाय!"

मी पोरीला दुपट्यात गुंडाळायला घेतलं. त्यांचा सिद्धांत शाबूत राहिला, नात शाबूत राहिली, सून शाबूत राहिली. या तिघांच्या बदल्यात माझं गणित गेलं.

आणि गेलं ते गेलंच. भांडुपपासून मुलुंडपर्यंत राणेकाकूंनी ही बातमी अशी काही पोचवली, की महिने वजा करून मागणाऱ्या बायका एका आठवड्यात बंद झाल्या. पण गिऱ्हाईक कमी झालं म्हणाल, तर उलट वाढलं. पुढे कितीतरी वर्षं नव्या पोरी लाजत लाजत केबिनमध्ये यायच्या, खुर्चीच्या टोकाला बसायच्या, आणि मी कॅलेंडरकडे वळले की घाईघाईने हात करायच्या.

"नको, नको, डॉक्टर, तारीख आम्ही काढून आणलीये. राणेआजींनी पाठवलंय. म्हणाल्या, डाक्टरीण हाताक बरी आसा, फकत तारीक दुसरीकडसून काढून घेवा."